फ्रीजवरचा आडवा कागद

१. पाच झाकणं

नकाशेकाका गेले ते कागदावर विश्वास ठेवून.

चाळीस वर्षं त्यांनी एका कचेरीत नकाशे काढले. कागदावर नदी दाखवली आहे आणि जागेवर नदी नाही, असं झालं तर चूक नदीची, असं त्यांचं मत होतं. निवृत्त झाल्यावर ते घरात सगळं कागदावर मागू लागले. जेवणाच्या वेळा कागदावर, फिरायला जायच्या वेळा कागदावर. औषधांचा तक्ता तर दर रविवारी नवा छापून फ्रीजवर लागायचा. आडवा कागद, वर सात वार, डावीकडे औषधांची नावं, चौकटीत मात्रा.

त्यात हृदयाचं एक पातळ औषध होतं. रोज सकाळी अडीच मिली. बाटलीचं झाकण पाच मिलीचं, म्हणजे अर्धं झाकण.

सोमवारी त्यांना पाच झाकणं मिळाली.

त्या दिवशी सून दोन दिवसांसाठी माहेरी गेली होती. काकांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यावर पट्टी. दुसऱ्या डोळ्याला आधीपासूनच फार काही दिसत नव्हतं. म्हणून एक मदतनीस ठेवली होती आणि तिचा तो पहिलाच दिवस होता. तिने तक्ता वाचला, बाटली बघितली आणि विचारलं, "काका, पाच झाकणं? जास्त नाही होत?"

"कागदावर किती आहे?"

"पंचवीस."

"मग पंचवीस. डॉक्टरांनी वाढवलं असेल. आण इकडे."

दुपारी एकच्या आत ते गेले.

फौजदाराने फ्रीजवरचा कागद काढून खिडकीशी धरला. कागदावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बारीक पांढरे पट्टे होते, काही वरून खाली, काही डावीकडून उजवीकडे, शाई न उमटल्यासारखे. त्यातला एक नेमका त्या औषधाच्या ओळीच्या तळातून गेला होता. अक्षरांचे पाय कापले गेले होते आणि '२.५' मधलं टिंब पार नाहीसं झालं होतं. उरले होते पंचवीस.

"प्रिंटरची शाई कुठून आणता?" फौजदाराने विचारलं.

"रीफिल," काकांचा मुलगा म्हणाला. "कोपऱ्यावरचा शाईवाला भरून देतो."

संध्याकाळपर्यंत अख्ख्या रस्त्याने निकाल दिला. ज्यांच्या घरी प्रिंटर नव्हता त्यांनी सगळ्यात आधी दिला. शाईवाल्याच्या दुकानाची काच फुटली, शटरवर कुणीतरी लाल रंगात 'खुनी' लिहिलं आणि शाईवाला पोलिसांच्या कोठडीत गेला. तिथे बोटांचे ठसे घेताना शिपायाला पॅड उघडावंच लागलं नाही. त्याच्या बोटांना आधीच तीन रंगांची शाई होती.

२. एक प्रत जास्त

शाईवाल्याच्या शेजारचं दुकान झेरॉक्सबाईंचं. तीस वर्षं त्या यंत्राशेजारी उभ्या होत्या. गावातली लग्नं, घटस्फोट, जन्म, मृत्यू, सगळं त्यांच्या हाताखालून दोन-दोन प्रतींत गेलेलं. त्यांनी कधी कुणाचा कागद वाचला नाही, असं त्या सांगायच्या. यावर विश्वास ठेवणारा माणूस अजून जन्माला यायचा होता.

मंगळवारी सकाळी शाईवाल्याची बायको येऊन त्यांच्या स्टुलावर बसली. रडली नाही. नुसती बसली.

"उद्या अकराला कोर्टात उभं करणार आहेत," ती म्हणाली. "बाई, त्या घराला आमच्याकडे तुम्हीच पाठवलं होतंत ना?"

"हो."

"काय सांगून पाठवलं होतंत?"

झेरॉक्सबाईंनी टोनरचा डबा उगाच इकडून तिकडे ठेवला. "म्हटलं होतं, रीफिल करा, काही होत नाही."

"मग झालं ना."

तेवढ्यात दारात शिपाई उभा राहिला. हातात प्लास्टिकच्या पिशवीत तोच आडवा कागद. "बाई, रंगीत तीन प्रती. लवकर. साहेब घाईत आहेत."

पोलिसांच्या कचेरीतलं यंत्र सहा महिने बंद होतं, त्यामुळे पुरावे झेरॉक्सबाईंकडे येत. त्यांनी चार प्रती काढल्या आणि शिपायाला तीन दिल्या.

चौथी त्यांनी टेबलावर ठेवली, चष्मा लावला आणि बोटाने एका पट्ट्यावरून डावीकडून उजवीकडे गेल्या. मग परत आल्या. मग कागद एक चतुर्थांश फिरवला आणि बघत राहिल्या.

"अगं," त्या शाईवाल्याच्या बायकोला म्हणाल्या, "टिंब खाणारा हा पट्टा तुझ्या नवऱ्याने पाडलाच नाही."

"मग कुणी?"

"ते विचारायला जाते. दुकान बघ जरा. कुणी आलं तर सांग, यंत्र गरम होतंय."

३. चार चुंबकं आणि तीन खोकी

नकाशेकाकांच्या घरात चपलांची गर्दी होती आणि आवाज नव्हता. फौजदाराने बाईंना येऊ दिलं, कारण त्या फुकट येत होत्या.

"बघा काय बघायचं ते प्रिंटरचं," तो म्हणाला. "मला उद्यासाठी फक्त एवढं हवंय की शाई खराब होती."

सून स्वयंपाकघरात, फ्रीजकडे पाठ करून बसली होती. निरोप मिळताच अर्ध्या वाटेतून परत आलेली. डोळे कोरडे आणि लाल.

"तक्ता तूच छापतेस ना?"

"दर रविवारी. परवाही मीच छापला आणि लावला. पट्टे येत होते, काकू. मागच्या रविवारीपण होते. मी ह्यांना म्हटलंही, पांढरे पट्टे येताहेत, शाईवाल्याला बोलवा. हे म्हणाले, बघू. टिंब होतं. मी बघितलं होतं. म्हणजे, बघितलं असं मला वाटतं. सकाळपासून तेच आठवतेय आणि जितकं आठवतेय तितकं पुसट होतंय."

बाईंनी तिला फौजदाराने काढलेला फ्रीजचा फोटो दाखवला. कागद वरच्या बाजूला, मधोमध एका चुंबकाने लटकत होता.

सुनेने तो जवळ घेतला. "एकच? मी चार लावते. चारी कोपऱ्यांना. नाहीतर दार उघडलं की बाबा ओरडायचे, नकाशा फडफडतोय म्हणून." ती हसायला गेली आणि ते हसणं मधेच राहिलं.

काकांचा भाचा हॉलमध्ये येरझाऱ्या घालत होता. हा नव्या प्रिंटरांच्या दुकानात विक्रीला होता आणि दुःखातही त्याचा धंदा सुटत नव्हता.

"मामाला मी शंभर वेळा सांगितलं, ओरिजिनल घे. रीफिलने हेड जातं, शाई गळते, वॉरंटी जाते."

"आणि माणूस जातो, असंही सांगितलंस?"

"काकू, चेष्टा करू नका."

"रस्त्यावरचे आजपासून सगळे तुझ्याच दुकानात येतील की रे."

भाचा एकदम उभा राहिला. "मी मामासाठी हा प्रिंटर स्वतः उचलून आणला, जोडून दिला. तुम्हाला काय म्हणायचंय?"

"काही नाही. जोडलास तू, एवढंच लक्षात ठेवते."

मुलगा आपल्या खोलीत लॅपटॉपसमोर, कचेरीतल्यासारख्या फिरत्या खुर्चीत होता. तो घरूनच काम करायचा. सोमवारीही दाराआडच होता, सलग मीटिंगांत. भिंतीशी तीन मोठी खोकी चिकटपट्टी लावून बंद केलेली.

"कुठे निघालात?"

"निघणार होतो. बदली आहे, परदेशात. महिन्याअखेरची तारीख. बाबा यायला तयार नव्हते आणि ही बाबांना सोडायला. तीनदा नाही कळवलं मी." त्याने डोळे चोळले. "त्या शाईवाल्याला सोडू नका, काकू. दोन पैसे वाचवायला आपण काय जीवघेणं घरात आणतो."

"तुमच्या यंत्रात कसे पट्टे येतात ते बघायचंय. एखादा आडवा कागद छापता?"

त्याने दोन कळा दाबल्या. भिंतीपलीकडे, काकांच्या खोलीत, प्रिंटर कण्हला. मुलगा खुर्चीतच मागे रेलला.

"अगं, बाबांच्या खोलीत कागद येतोय, आण गं."

सून उठली, गेली, कागद घेऊन आली. बाईंनी तो घेतला, पण बघत होत्या त्या खुर्चीकडे.

मदतनीस शेवटची. ती बाहेर जिन्यावर बसली होती. आत बस म्हणायचं कुणाला सुचलं नव्हतं.

"कागदावर तसंच होतं हो," बाईंनी काही विचारायच्या आधीच ती म्हणाली. "मी तीनदा वाचलं. सगळे तेच विचारतात, कागदावर काय होतं. पंचवीसच होतं. मी काकांनापण विचारलं."

"माहीत आहे मला. इथेच थांब. थोड्या वेळाने दुसरं काहीतरी विचारीन."

४. प्रिंटरचं तोंड

काकांच्या खोलीत बाईंनी फौजदाराला प्रिंटरसमोर उभं केलं. पलंगावरची चादर अजून तशीच होती. कुणी तिच्याकडे बघत नव्हतं.

"साहेब, रीफिलने काय होतं ते आधी सांगते. शाई गळते. शर्ट जातो. बारीक छिद्रं बुजतात, मग तेवढी जागा कोरी राहते आणि पांढरा पट्टा येतो. कधी प्रिंटरच कायमचा बसतो. हे सगळं शाईवाल्याने लोकांना दिलंय. मी नाही म्हणत नाही."

"मग झालं तर."

"थांबा. शाईचा डबा कसा पळतो बघा. कागदाच्या आखूड बाजूला समांतर, इकडून तिकडे, तिकडून इकडे. छिद्र बुजलं की पट्टा त्याच वाटेने येणार. आखूड बाजूच्या दिशेने. त्याला दुसरी वाटच नाही."

"बरं."

"आता हा आत्ता छापलेला आडवा कागद. प्रिंटरचं तोंड एवढंसं. आडवा तक्ता असला तरी कागद उभाच आत जातो आणि अक्षरं आडवी पडून बाहेर येतात. वाचायला म्हणून आपण तो फिरवतो. फिरवा. पट्टे कसे दिसतात?"

फौजदाराने कागद फिरवला. खरंच, पट्टे वरून खाली येत होते, ओळींना आडवे छेदत, कुंपणाच्या गजांसारखे.

"आणि हा तुमचा पुरावा." बाईंनी चौथी प्रत पुढे केली. फौजदाराने ती कुठून आली हे विचारलं नाही. "उभे पट्टे इथेही आहेत, ते शाईचे. पण टिंब खाल्लं ते या दुसऱ्या पट्ट्यांनी, ओळींच्या बरोबरीने, डावीकडून उजवीकडे. कागदाच्या लांब बाजूने. या यंत्राने असा पट्टा पाडायचा तर त्याला कुशीवर झोपून छापावं लागेल."

फौजदाराने दोन्ही कागद एकमेकांशेजारी धरले. "म्हणजे पट्टे..."

"कुणीतरी संगणकावर तक्त्यात पांढऱ्या रेघा ओढल्या. चार उगाच, दिसायला. पाचवी टिंबावरून. आणि मग छापलं. ज्या माणसाने हे केलं त्याला माहीत होतं की घरात पट्ट्यांची तक्रार आहे, सोमवारी नवी बाई येणार आहे आणि काकांच्या डोळ्यावर पट्टी आहे."

"ते तर सगळ्या घराला माहीत होतं."

"हो ना," बाई म्हणाल्या. "म्हणून सगळ्या घराला इथे बोलवा."

५. हाताने दाखवा

खोलीत सगळे आले. मदतनीस दाराबाहेरच थांबली. बाईंनी तिघांच्या हातात एकेक आडवा छापलेला कागद दिला.

"हा कागद प्रिंटरमधून निघताना कसा निघतो, ते एकेकाने इथे धरून दाखवायचं. बाकी काही नाही."

"हा काय खेळ आहे?" भाचा म्हणाला.

"खेळच समज. तू आधी."

भाच्याने वैतागून कागद उभा केला आणि प्रिंटरच्या तोंडाशी लावला. अक्षरं आडवी पडलेली. "असा. अजून कसा निघणार?"

सुनेने तर कागदाकडे बघितलंही नाही. हाताने आपोआप तो फिरवला आणि मान डाव्या खांद्याकडे कलली. "असा. मी अशी मान करून वाचते, पूर्ण आलाय का ते."

मुलाला कोपऱ्यातल्या खुर्चीवरून उठून यायला थोडा वेळ लागला. त्याने कागद वाचायचा धरतात तसा, रुंद बाजूने, प्रिंटरच्या तोंडाशी नेला. तो मावेना. दोन्ही बाजूंनी दोन-दोन बोटं कागद बाहेर राहिला. त्याने तो थोडा डावीकडे सरकवला. मग उजवीकडे.

भाच्याने मान वळवून सुनेकडे बघितलं.

"किती वर्षं झाली प्रिंटर घेऊन?" बाईंनी विचारलं.

"पाच," सून हळूच म्हणाली.

"पाच वर्षांत तुम्ही कागद निघताना एकदाही बघितला नाहीत. कळ दाबायची आणि हाक मारायची."

"मग?" मुलाचा आवाज चढला. "मला कागद कसा निघतो ते माहीत नाही म्हणून मी खुनी? अर्ध्या जगाला माहीत नसेल!"

"माहीत नसणं हा गुन्हा नाही. पण रेघा ओढणाऱ्यालाही माहीत नव्हतं. त्याने पट्ट्यांबद्दल नुसतं ऐकलं होतं, बघितले नव्हते. या घरात संगणकावर बसणारे तिघं. भाच्याने रेघा ओढल्या असत्या तर वरून खाली ओढल्या असत्या. हिने तर डोळे मिटूनही बरोबर ओढल्या असत्या."

"पण कागद हिने लावला! रविवारी! हीच सांगते!"

"हो," बाई म्हणाल्या आणि दाराकडे वळल्या. "आता तुला विचारते, बाळ. कागदावर काय होतं ते राहू दे. फ्रीजवर कागद लावला कुणी?"

मदतनिसीने पदर दोन्ही हातांत धरला. "मीच."

फौजदाराची वही उघडीच राहिली.

"सकाळी मी आले, तर या घरच्या साहेबांनी त्यांच्या खोलीतून हाक मारली. दार बंदच होतं. म्हणाले, काकांच्या खोलीत नवा कागद आलाय, तो फ्रीजवर लाव आणि जुना काढून टाक. मी लावला. एका चुंबकाने राहिला, म्हणून बाकीची वर ठेवून दिली."

"हे आधी का नाही सांगितलंस?" फौजदार ओरडला.

"कुणी विचारलंच नाही. सगळे विचारत होते काय लिहिलंय. कुठून आला, हे कुणीच नाही."

माणसाने खून केला आणि त्यासाठीसुद्धा तो खुर्चीवरून उठला नव्हता.

"आणि जुना?" बाईंनी विचारलं. "फाडलास?"

"नाही हो. मागची बाजू कोरी होती. ओट्याखाली रद्दीत ठेवला."

सून धावली. स्वयंपाकघरात वर्तमानपत्रं जमिनीवर पडल्याचा आवाज आला. ती परत आली तेव्हा कागद तिने दोन्ही हातांवर धरला होता, ओला असल्यासारखा. चारी कोपऱ्यांना चुंबकाचे पुसट गोल डाग. पट्टे वरून खाली, कुंपणाच्या गजांसारखे. सोमवारच्या चौकटीत दोन, मग टिंब, मग पाच.

"आहे," ती म्हणाली. "टिंब आहे. मी बघितलं होतं." आणि मग दोन दिवसांत पहिल्यांदा ती रडली.

मुलगा काकांच्या पलंगावर बसला. फौजदाराने काही विचारायच्या आधीच तो बोलायला लागला, कुणाशी ते त्यालाही माहीत नसावं.

"तीनदा नाही कळवलं. चौथ्यांदा कंपनीवाले म्हणाले, आता विचारणार नाही. मी बाबांना म्हटलं, चला. ते म्हणाले, नव्या शहराचा नकाशा आण, बघू. आणला. दोन दिवस भिंग लावून बसले आणि म्हणाले, याच्यात चुका आहेत. एवढंच बोलले. माझ्या अख्ख्या आयुष्यावर एवढंच. त्रास नाही झाला ना त्यांना? लवकर गेले ना?"

"साडेतीन तास," मदतनीस दारातून म्हणाली. "मी दार वाजवलं होतं तुमचं. तुम्ही म्हणालात, मीटिंग आहे."

त्याने घशावरून हात फिरवला. सवयीने बायकोकडे बघितलं.

"अगं, पाणी आण गं."

ती कागद घेऊन उभी होती. ती हलली नाही. शेवटी शिपायाने आणून दिलं.

६. पूर्ण बाहेर येईपर्यंत

शाईवाला बुधवारी दहा वाजता सुटला. म्हणजे कोर्टाच्या तासभर आधी. ज्यांनी काच फोडली त्यांतले दोघे येऊन गैरसमज झाला म्हणून गेले. काच द्यायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. शटरवरचं 'खुनी' त्याने तीन दिवस घासलं. सगळ्या शाया काढायची द्रावणं त्याच्याकडे होती, पण हा रंग भिंतीचा होता. अजून ऊन पडलं की दिसतो.

गिऱ्हाईक येत नाही. येतात ते झेरॉक्सबाईंना विचारायला, दबक्या आवाजात, शाईवाल्याला ऐकू जाईल एवढ्या दबक्या.

"काय हो, रीफिल सुरक्षित असतं का?"

"शर्टाला नाही," बाई सांगतात. "प्रिंटरलाही नाही, फारसं. माणसाला आहे. पुढचा."

महिन्याने नकाशेकाकांची सून आली. पिशवीतून प्रिंटर काढून तिने शाईवाल्याच्या टेबलावर ठेवला.

"पट्टे येताहेत," ती म्हणाली. "भरून द्या. आणि साफ करा."

शाईवाल्याने तिच्याकडे बघितलं, मग शटरकडे. "ताई, नवीन घ्या. खरंच सांगतो. उद्या तुमच्या घरात कुणाला शिंक आली तरी लोक माझ्याकडे येतील."

"मला एकच कागद छापायचाय. तुमच्याच शाईने छापायचाय."

त्याने शाई भरली, छिद्रं धुतली, बोटं आणखी काळी केली. तिने फोनवरून मजकूर पाठवला. चार ओळी होत्या. त्या मदतनिसीला गावात कुणी कामावर ठेवत नव्हतं. पंचवीस मिली पाजणारी बाई म्हणून तिची ओळख झाली होती. मजकुरात एवढंच होतं की ही बाई आमच्याकडे एक दिवस होती, तिने कागद तीनदा वाचला, विचारायचं तिथे विचारलं आणि तिची काहीही चूक नव्हती. खाली सही करायला जागा.

प्रिंटर कण्हला. कागद इंच-इंच बाहेर यायला लागला.

शाईवाला स्टुलावर बसायला गेला आणि बसला नाही. कागद पूर्ण बाहेर येईपर्यंत तो उभा राहिला. तीही उभी राहिली, मान डाव्या खांद्याकडे कललेली. कागद सरळच होता, मान वाकडी करायची काही गरज नव्हती. मग दोघांनी मिळून प्रत्येक टिंबावर बोट ठेवून बघितलं.